जांभळ्या झाकणाचा डबा

लुडिविनाच्या घरातलं जेवणाचं टेबल जेवायला कधी रिकामं नसायचंच. त्यावर शिलाईचं मशीन, कात्र्या, टाचण्यांची उशी, लेसची भेंडोळी आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांची उतरंड. घरचे लोक आपापली ताटली मांडीवर घेऊन, मिळेल त्या कोपऱ्यात बसून जेवत. कुरकुर कोणी करत नसे, कारण मे महिन्याच्या मिरवणुकीत राणी होणाऱ्या मुलींचे झगे याच टेबलावर तयार होत आणि तळ्याकाठच्या त्या वस्तीत तेवढा मान दुसऱ्या कुठल्या टेबलाला नव्हता.

डब्यांवर काही लिहिलेलं नसे. पिवळं झाकण म्हणजे बटणं, तपकिरी म्हणजे हुक, जांभळं म्हणजे मणी.

"नानाय, चिठ्ठ्या चिकटवू का?" सून ज्योव्हेलिन दर महिन्याला विचारायची. सासूला ती नानाय, म्हणजे आई, म्हणे.

"चिकटव की. एक माझ्या कपाळावरही चिकटव, म्हातारी म्हणून!"

यंदा औषधांच्या दुकानवाल्याची मुलगी राणी एलेना, म्हणजे मिरवणुकीतली सगळ्यात मानाची राणी, होणार होती. तिच्या झग्याची चोळी मण्यांनी भरून झाली होती, पण घेर तसाच पडला होता. लुडिविना म्हणायची, यंदाचा दोराच मेला कुचका, सुईत जात नाही. सून घरात नसली की उकाड्याचं निमित्त करून ती काम बाजूला ठेवायची.

त्यात शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याचा सण आला. त्या दिवशी दारातून आत येईल त्याला जेवू घालायचं, म्हणजे टेबल मोकळं हवंच. लुडिविनाने पांढरे, सोनेरी, मोतिया असे सगळे मणी हाताने एकाच जांभळ्या झाकणाच्या डब्यात लोटले आणि उतरंड स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. लोक आले, जेवले. जाताना कोणी रिकाम्या हाताने जायचं नसतं. टोमॅटोत शिजवलेल्या मांसाचा मेचादो ज्योव्हेलिन आइस्क्रीमच्याच दुसऱ्या रिकाम्या डब्यांत भरत होती आणि लुडिविना दारात उभी राहून ते डबे लोकांच्या हातात कोंबत होती.

"न्या हो, लाजता काय? घरी पोरं आहेत!"

दुसऱ्या दिवशी टेबल पुन्हा मांडलं. जांभळं झाकण उघडलं, तर आत मेचादो.

"अगं बाई," ज्योव्हेलिन म्हणाली, "मग मणी कोणी खाल्ले?"

लुडिविनाने बाकीचे डबे भराभर उघडून पाहिले. मणी मनिलाच्या बाजारातून निवडून आणलेले. नवे आणले तर चकाकी जुळायची नाही आणि मिरवणूक तर येत्या रविवारी.

"घरोघर जाऊन विचारू या ना."

"काय विचारू? दिलेला डबा परत द्या म्हणू? मला याच गावात मरायचंय."

शेवटी छत्री घेऊन ती एकटीच निघाली. प्रत्येक दारात एकच प्रश्न, मेचादो कसा झाला होता? सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. कोणाच्या नवऱ्याने बोटं चाटली, कोणाच्या सासूने वाटी पुसून खाल्ली. यातलं कोणीतरी धडधडीत खोटं बोलत असणार, पण कोण?

डबा नेलेल्यांपैकी राहिली पुरिता. दोघी एकाच बाईकडे शिवण शिकल्या, दोघी झगे शिवायच्या. पुरिता लुडिविनाच्या मुलाची बाप्तिस्म्यातली धर्ममाता, त्यामुळे दोघी एकमेकींना त्या नात्याने 'मारे' म्हणत, आणि ते इतकं गोड की ऐकणाऱ्याचे दात किडावेत.

"कसा झाला होता मेचादो, मारे?"

"चव छान होती, मारे. जरा कच्चा राहिला होता. दाताखाली येत होता."

लुडिविनाने तिच्या खांद्यावरून आत डोकावलं. पुरिता दारातून बाजूला झाली. आत टेबलावर अंड्यांचे ट्रे मांडलेले, एकेका खळग्यात एकेका जातीचे मणी, रंगाने आणि आकारानेही वेगळे केलेले. शेजारच्या उशीत सुया खोचलेल्या, सगळ्या ओवलेल्या.

"डबा उघडला तेव्हा वाटलं, टोमणा मारलास," पुरिता म्हणाली. "यंदा माझ्याकडे एकही झगा आला नाही, म्हणून मणी हातात ठेवलेस. सगळं तळ्यात ओतणार होते."

"मग?"

"मग आठवलं, प्रार्थनेचं पुस्तक तू हल्ली हातभर लांब धरतेस. म्हटलं, हिला मदत हवीय. पण तोंडाने मागेल तर ती लुडिविना कसली! म्हणून डबा दिला. खरं ना?"

चुकून आला गं, एवढंच म्हटलं असतं तर मणीही परत मिळाले असते आणि ताठाही राहिला असता. लुडिविनाने त्या ओवलेल्या सुयांकडे पाहिलं.

"मग काय! तुला कळायला एवढा वेळ लागला?"

"वर चिठ्ठी लावायचीस."

"चिठ्ठ्या लावायला मी काय म्हातारी झाले?"

संध्याकाळी झगा पुरिताच्या घरी आला. घेरावर सोनेरी मण्यांची वेल डावीकडे वळावी की उजवीकडे, यावर दोघी रविवार उजाडेपर्यंत भांडत होत्या. हात मात्र थांबले नाहीत. मिरवणुकीत औषधवाल्याची मुलगी मेणबत्त्यांच्या उजेडात अशी झळकली की बायका चालता चालता थबकल्या.

"कोणाचं गं हे काम?" कोणीतरी विचारलं.

"माझं," दोघी एकदमच म्हणाल्या.

त्या दिवशी पुरिता लुडिविनाकडेच जेवली. निघताना लुडिविनाने तिच्या हातात जांभळ्या झाकणाचा डबा ठेवला. पुरिताने तो कानाशी नेऊन हलवला. आतून मण्यांची खळखळ नाही, नुसताच रस्सा डचमळल्याचा आवाज आला.

"मेचादोच दिसतोय," ती म्हणाली, आणि जराशी हिरमुसलीच.