परवानगीबाईंची खुर्ची

आमच्या वन्सं कायदा शिकवायच्या, पण चोर-दरोडेखोरांचा नाही. डॉक्टरने पेशंटला विचारल्याशिवाय कुठवर जावं आणि कुठे थांबावं, हा त्यांचा विषय. जन्मभर त्यावरच लिहिलं, त्यावरच भांडल्या. डॉक्टर त्यांना वकील समजून बिचकायचे, वकील त्यांना डॉक्टरांच्या गोटातल्या म्हणायचे. मग चहाच्या सुट्टीत बसायचं कोणाशेजारी? विद्यार्थ्यांनी नाव पाडलं होतं परवानगीबाई. मी ते ऐकून पोट धरून हसले होते. त्यांना काही हसू आलं नाही.

लग्न केलं नाही. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. घरात पुस्तकांनी भरलेल्या भिंती आणि स्वयंपाकघरात कप एकच. आम्ही गेलो की आम्हाला पेल्यात चहा. माझे यजमान म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. दर रविवारी हे जाऊन त्यांच्याशी बुद्धिबळ खेळायचे आणि हरून यायचे. जगात वन्संचं म्हणावं असं माणूस तेवढंच.

हॉस्पिटलच्या समितीत त्यांची एक पद्धत होती. बेशुद्ध पेशंटचं काय करायचं हे ठरवताना टेबलाशी एक खुर्ची रिकामी ठेवायची. ती पेशंटची. तिच्यावर कोणी साधी पर्स ठेवली तरी वन्सं डोळे वटारायच्या. नातेवाइकांनी त्या खुर्चीकडे बघून बोलायचं, आणि तेही आपल्याला काय हवंय ते नाही, पेशंटला काय हवं असतं ते. अहो, रडणाऱ्या आयांनासुद्धा हाच नियम! मला तर त्या दगडाच्याच वाटायच्या.

मग हे कोसळले. मेंदूत रक्तस्राव. मशीन श्वास देत होतं. डॉक्टर म्हणाला, आता ते शुद्धीवर येणार नाहीत. मशीन ठेवायचं की काढायचं, तुम्ही दोघींनी सांगा. डॉक्टर वन्संचाच जुना विद्यार्थी. शिकवल्याप्रमाणे त्याने टेबलाशी खुर्ची ओढून रिकामी ठेवली. उत्तर मला ठाऊक होतं, त्यांनाही. सासरे गेले तेव्हा त्यांना नळ्यांत गुंतलेलं बघून आल्यावर ह्यांनी आम्हा दोघींना जेवताना बजावलं होतं, माझं असं करू नका.

मी वन्संकडे बघितलं. म्हटलं, या बोलतील, हा तर यांच्या हातचा मळ. त्या उठल्या, टेबलाला वळसा घातला आणि त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. हात मांडीवर, शाळेतल्या मुलीसारख्या.

"दादाला काय हवं असतं ते मला विचारू नकोस," त्या डॉक्टरला म्हणाल्या. "मला दादा हवाय."

मला राग आला, खरं सांगते. नवरा माझा, आणि कोसळायची पाळी यांची! शेवटी मीच त्यांच्यासमोर उभी राहिले आणि खुर्चीकडे बघून सांगितलं की ह्यांनी नको म्हटलं होतं, काढा. तेव्हा मी त्यांचा हात धरला होता की त्यांनी माझा, देव जाणे.

पुढे त्यांनी समिती सोडली. लोकांनी खूप समजावलं. त्यांचं एकच म्हणणं, त्या खुर्चीवर मी बसले, आता दुसऱ्याला उठवू कोणत्या तोंडाने?

आता रविवारी मी जाते. बुद्धिबळातलं मला ओ की ठो कळत नाही. एकदा न राहवून विचारलं, वन्सं, तुमची वेळ आली तर खुर्चीसमोर बोलणार कोण? त्या माझा पेला उचलून विसळायला गेल्या. पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी त्यांचा फोन यायला लागला. एक गोष्ट सांगायची आणि ठेवून द्यायचा. मला उशाशी दिवा लागतो. मला गार पाणी चालत नाही. हे काय चाललंय म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, कोणाला तरी माहीत असावं.

काल पुन्हा फोन आला.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "एकटं राहायला मला कधीच आवडलं नाही. हेही लक्षात ठेवा."

मेलं, एवढं सांगायला जन्म गेला! मी चपला पायात सरकवल्या आणि वाटेत एक कप विकत घेतला.