मालन आणि वासंती

त्र्यंबकरावांना इंग्रजी येतं हे डोंबिवलीतल्या त्यांच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्यांनी ते कुणाला विसरूच दिलं नव्हतं. त्यातही अमुक म्हणजे तमुकच, असं सांगणारी इंग्रजी वाक्यं त्यांच्या फार लाडाची. बायकोला, वासंतीला, लग्नानंतर बी.ए. करायचं होतं. यांनी वाचनालयाची वर्गणी भरली. "इट्स अ‍ॅज गुड अ‍ॅज कॉलेज!" तिला आठवडाभर आंबिवलीला वडिलांकडे राहायचं होतं, तर यांनी फोन पुढे सरकवला. "सेम थिंग!" स्वस्तातलं महागाच्या जागी बसवायचं आणि वर इंग्रजीचा शिक्का मारायचा, एवढीच या गृहस्थांची विद्या. स्वतःच्या वरणावर मात्र तुपाऐवजी तेल चाललं नसतं.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी तिचं नाव मालन होतं. हे नाव धुणंभांडीवालीचं वाटतं म्हणून त्यांनी लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'वासंती' लिहिलं. तिला ते चार पाहुण्यांबरोबरच वाचून कळलं. राग आला होता, पण नवरीने रागवायचं नसतं म्हणून तिने पेढा खाल्ला.

यंदा वडील गेले. आंबिवलीचं दोन खोल्यांचं घर त्यांनी मृत्युपत्रात मालनला दिलं होतं आणि तिच्या सगळ्या कागदांवर होती वासंती. घर हवं तर प्रतिज्ञापत्र करा, असं वकिलांनी सांगितलं. म्हणून दोघं ठाण्यात, खोपटला एसटी डेपोजवळच्या टायपिंगच्या दुकानात आली. दुकानदार संदेशकडे मजकूर तयारच होता, नुसती नावं बदलायची.

"काकू, यात लिहिलंय, मालन अँड वासंती आर वन अँड द सेम पर्सन. म्हणजे दोघी एकच. खरं असल्याची शपथ आहे, इथे सही करा."

"मग नाही करत. हे खोटं आहे."

त्र्यंबकराव उखडले. "अगं, वन अँड द सेम! सगळे हेच लिहितात. घर घालवशील हातचं!"

"घर मला हवंय. पण खोटी शपथ नको. मालन दहावीला गणितात शाळेत पहिली आलेली. वासंतीने वाण्याची यादीसुद्धा तुम्हाला दाखवल्याशिवाय पाठवली नाही. मालन नदीत पोहायची, भावांशी भांडायची. वासंतीला तुम्ही भांडताना पाहिलंत कधी? एकच कशा?"

संदेशने कीबोर्डवरचे हात उचलले. "मग काय टाकू, काकू?"

"माझं नाव मालन होतं. लग्नात नवऱ्याने मला न विचारता ते बदलून वासंती केलं. एवढंच टाक."

"चालेल की. नाव कधी, कसं बदललं ते आलं म्हणजे झालं."

संदेशने ते इंग्रजीत टाकलं आणि कागद निघाला. 'विदाउट आस्किंग मी' हे शब्द त्र्यंबकरावांनी दोनदा वाचले. इतकं सोपं इंग्रजी त्यांना आयुष्यात कधी जड गेलं नव्हतं. याच्या बरोबरीचं दुसरं काही त्यांना सुचेना. मालनने मात्र झरझर सही केली.

"काका, आता ओळख पटवणारे म्हणून तुमची सही," संदेश म्हणाला. "यांना किती वर्षांपासून ओळखता?"

त्र्यंबकरावांनी बायकोकडे पाहिलं.

"लिही," मालन म्हणाली, "अर्धा तास झाला."