सॉरीतली कळ

हाडांच्या दवाखान्यातल्या मागच्या खोलीत ती आखडलेले सांधे मोकळे करायची. बोट ठेवलं की नेमकी दुखरी जागा सापडायची, म्हणून सगळे तिला कळताई म्हणायचे. पेशंट टेबलावर पडून बोंबलायचा आणि ही गालात हसत म्हणायची, "ओरडा खुशाल, भिंती जाड आहेत." तशी मायाळू बाई. पण एका माणसाचं नाव काढलं की डोळ्यांत विखार उतरायचा, आणि तो माणूस तिचा सख्खा थोरला भाऊ होता.

आई त्याच्याकडे राहायची. आईनं हॉस्पिटलात डोळे मिटले तेव्हा दादानं फोन लावले ते सासुरवाडीला, ऑफिसात, पार जुन्या घरमालकाला. बहिणीला तेवढा नाही. तिला बाहेरून कळलं आणि अंगावरच्या ॲप्रनसकट ती धावत दादाच्या घरी आली, तोवर सगळं उरकलं होतं, आईची खाटसुद्धा घडी करून कोपऱ्यात गेली होती. दादा म्हणाला, "सॉरी हं छोटी, गडबडीत राहून गेलं." आणि वळून पाहुण्यांना चहा विचारायला गेला.

राहून गेलं! अहो, बसमध्ये छत्री राहून जाते. आईचा चेहरा पाहायचा राहून जातो का?

तेव्हापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. कुणी नुसतं सॉरी म्हटलं तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. गुडघ्याचे एक पेशंट होते, इंग्रजी शिकवून रिटायर झालेले सर. एकदा त्यांची टाच तिच्या मनगटाला लागली आणि ते सॉरी म्हणाले.

"सर, तो शब्द या खोलीत नको. फुकटचा आहे मेला."

सरांना काय, निमित्तच हवं होतं. गुडघा विसरून उठूनच बसले. "फुकटचा कसला? घसा दुखला की सोअर थ्रोट म्हणतो ना आपण? त्याच घरातला हा शब्द. मुळात सॉरी म्हणजे ज्याला आतून दुखतंय तो. म्हणून तर कुणाचं माणूस गेलं की काही चूक नसतानाही इंग्रज सॉरी म्हणतो. पुढे वापरून वापरून झिजला बिचारा. आता नीट ऐकू आलं नाही तरी सॉरी."

"आणि ते सॉरो म्हणतात, दुःखाला?"

"दिसतो सख्ख्या भावासारखा. पण मूळ वेगळं, रक्ताचं नातं नाही."

"असतात असे भाऊ," कळताई म्हणाली आणि गुडघा जरा जोरातच दाबला.

पण डोक्यात ते पक्कं बसलं. दुखल्याशिवाय तो शब्द तोंडातून काढायचाच नाही तर! मग दादाला एकदा तरी दुखायलाच हवं, असं तिनं मनाशी घट्ट धरलं.

पुढे आईच्या वॉर्डातली नर्स पाठदुखी घेऊन तिच्याचकडे आली. बोलता बोलता ओळख निघाली, तशी नर्स म्हणाली, "शेवटी मीच होते हो त्यांच्याजवळ. म्हणाल्या, थोरल्याला सांगा, मी त्याच्यावर रागावले नाही." कळताईनं तो निरोप गिळला, दादापर्यंत जाऊच दिला नाही.

आणि मग दादाचा खांदा धरला. हात कानापर्यंत जाईना, शर्ट घालायला बायको लागायची. डॉक्टरांनी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं, आणि आला झक मारत बहिणीच्या टेबलावर.

तिनं जरुरीपेक्षा तसूभरही जास्त दाबलं नाही. हातानं सूड उगवणं तिला हलकटपणाचं वाटलं असतं. तरी तो कळवळायचाच.

"आई गं!"

"तिला हाक मारू नकोस," ती म्हणायची आणि हात आणखी वर न्यायची.

एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तो म्हणाला, "छोटी, सोड ना आता तो राग. सॉरी म्हणतो मी."

"कुठे दुखतंय तुला?"

"खांद्यात. अजून कुठे?"

"मग नाही चालायचं."

शेवटच्या दिवशी हात सरळ वर गेला. कामात तिनं कसर ठेवली नव्हती. दादानं आपल्या हातानं शर्टाची बटणं लावली, पण जाईना. दाराशी घुटमळला.

"त्या वॉर्डातली नर्स तुझ्याकडे येते म्हणे," तो म्हणाला. "त्या दिवशी सकाळी मी आईवर खेकसलो गं. नको नको ते बोललो. तसाच बाहेर पडलो आणि परत आलो तर... झोप लागत नाही मला. माझ्याबद्दल काही बोलली का ती?"

कळताईनं वर पाहिलं. इतकी वर्षं वाट पाहिली ती हीच कळ. तिनं ती लगेच ओळखली. निरोप जिभेवर होता. एक वाक्य, आणि भाऊ मोकळा होणार होता.

"बोलली ना. तुझ्यासाठीच निरोप होता. नर्सनं सांगितला मला."

"काय? काय म्हणाली?"

तिनं टॉवेलची घडी घातली, उशी सरळ केली.

"सॉरी हं दादा. गडबडीत राहून गेलं."

बऱ्या झालेल्या हातानं त्यानं दाराची चौकट घट्ट धरली होती. कळताईनं त्याच्या बाजूनं मान काढून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.