ट्रॉलीवर उभे ग्रेडरसाहेब

ग्रेडरसाहेब कुणाच्या मालाला चांगलं म्हणत नसत. अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवणं हे त्यांचं काम. भरलेली ट्रॉली आली की ते वर चढत, कोपरापर्यंत हात खुपसून तळातला कापूस काढत आणि वरूनच निकाल सांगत. "कवडी हाय. वापस ने." कवडी म्हणजे डागी, हलका कापूस. खाली उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे ते बघतसुद्धा नसत. "तोंड पाह्यलं का हात खोटं बोलते," असं त्यांचं म्हणणं. साऱ्या तालुक्याचे तळतळाट घेऊन हा माणूस ठणठणीत होता.

मग कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज आली. सूज उतरली, चक्कर राहिली. भर हंगामात ते ट्रॉलीवरून खाली पडले आणि यार्डातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे त्यांनीच मला सांगितलं. वर म्हणाले, "मीबी वाजवल्या असत्या." मालकानं बजावलं होतं की पुढच्या हंगामात, दिवाळीनंतर ट्रॉलीवर चढता आलं तर या, नाहीतर दुसरा ग्रेडर पाहतो. बायको वारलेली, मूलबाळ नाही. जिनिंग सुटलं असतं तर या माणसाला सकाळी उठायचं कारणच उरलं नसतं.

मी फिजिओथेरपिस्ट. माझ्या दवाखान्यात तेव्हा नुकताच व्हीआरचा चष्मा आला होता. तो डोळ्यांवर चढवला की माणूस खोलीत उभा असून भलतीकडेच पोचतो. समोरचं दृश्य हलतं, मेंदू गोंधळतो, आणि रोज थोडाथोडा गोंधळत शेवटी सावरायला शिकतो. चष्म्यासोबत एका विलायती मॉलचं दृश्य आलं होतं. ग्रेडरसाहेब फोमच्या गादीवर उभे राहिले, दोन फडताळं पाहिली आणि ओकले. तोंड पुसत म्हणाले, "मॅडम, कोनाचं दुकान होय हे? एवढा माल, अन् सडका कोनता हे सांगाले एक मानूस नाई ठेवला!"

त्यावरूनच मला सुचलं. हंगाम संपायच्या आत मी चारी बाजूंचं टिपणारा कॅमेरा घेऊन जिनिंगमध्ये गेले, भरल्या ट्रॉलीवर चढले आणि सगळं यार्ड टिपून आणलं. ट्रॅक्टरांची रांग, उडणारा कापूस, आशेनं वर बघणारे चेहरे.

पुढच्या खेपेला चष्मा चढवताच साहेबांचे पाय लटपटले. मी धरायला पुढे झाले, तेवढ्यात त्यांना चष्म्यातल्या यार्डात खाली कुणीतरी दिसलं. "काऊन रे, पानी मारून आनला का? वापस ने!" ते गरजले, आणि त्या मऊ गादीवर आधाराशिवाय ताठ उभे राहिले. दुसऱ्याला हाकलताना या माणसाचा तोल जात नव्हता. मग मी तोच उपचार ठरवला. मान डावीकडे वळवा, त्या म्हाताऱ्याला परत पाठवा. आता उजवीकडे, त्या बाईला. बाहेर बसलेले पेशंट हादरून जायचे. मला मात्र हा खडूस माणूस मनापासून आवडू लागला होता. तो यायच्या दिवशी मला दवाखान्यात जावंसं वाटे.

दिवाळीपर्यंत ते कशालाही न धरता शिडी चढू लागले.

त्या वर्षी परतीच्या पावसानं कापूस बोंडातच भिजवला. बाबांची शेती मूर्तिजापूरजवळ. त्यांनी भिजका माल तळाला घातला, चांगला वर पसरला आणि ट्रॉली मुद्दाम अकोल्याला आणली. "तुया पेशंट हाय नं तो? डॉक्टरनीच्या बापाले काय म्हनते!" मीही सोबत गेले. मला माझा पेशंट चढताना पाहायचा होता.

ग्रेडरसाहेबांनी मला पाहून मान हलवली आणि झपझप वर चढले. दबणाऱ्या कापसावर पाय रोवून वाकले, कोपरापर्यंत हात घातला, मूठ भरून उठले. वाकून उठताना भल्याभल्यांना गरगरतं. ते जराही हलले नाहीत. आनंदानं माझे डोळे भरून आले.

"वर मलई, खाली कवडी. वापस न्या."

"साहेब, मी मॅडमचा बाप होय," बाबा हात जोडून म्हणाले.

"मंग? त्यायच्याच हातानं तं उभा आहो," खाली न बघता ते बोलले, आणि पुढच्या ट्रॉलीकडे वळले. रांगेतले लोक खदाखदा हसले.

साहेब पुन्हा दवाखान्यात आले नाहीत. यायची गरजच उरली नव्हती. ट्रॉली परत नेली त्या दिवशी मीही बाबांसोबत ट्रॅक्टरवर गावी निघाले होते. मूर्तिजापूर आल्यावर बाबा ट्रॅक्टरचा वेग कमी करून म्हणाले, "बाई, थोडा कच्चा ठेवला असता त्याले, तं तुयं काय जात होतं?"