उंबऱ्यावरची बोली

वसुलीच्या माणसाला लग्नाची पत्रिका कुणी देत नाही, पण किस्से मात्र दारोदारी मिळतात. मी सांगलीच्या एका पतसंस्थेत वसुली खात्यात आहे. आमचे वसुली अधिकारी पवार साहेब आणि मी, दोघं जीपमधून सांगली-सातारा पालथं घालतो. थकलेल्या कर्जापायी घराला सील ठोकायचं, नाहीतर लिलाव पुकारायचा. काम कडू. पण आमच्या या दोन जिल्ह्यांतली माणसंच अशी आहेत की सील ठोकायला गेलेलाही छाती फुगवून परत येतो. खोटं वाटत असेल तर ऐका.

*

आटपाडीकडचे बिराप्पा. मेंढरंवाले. गावात पक्कं घर बांधलंय, पण दिवाळी झाली की सगळं कुटुंब मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला. आम्ही ताबा घ्यायला गेलो तेव्हा घोड्यावर बिऱ्हाड लादणं चाललं होतं. पवार साहेबांनी घसा साफ करून नोटीस वाचायला घेतली. बिराप्पांनी निम्म्यातच थांबवलं, किल्ली साहेबांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, आमच्या कुलपावर तुमचंबी एक लावा, चोरांचं लय भ्या हाय. साहेबांनी नोटिशीची घडी घालून खिशात ठेवली आणि त्यांच्या कुलपाशेजारी आमचं कुलूप लावलं.

पावसाच्या तोंडावर म्हातारा ऑफिसात हजर. मेंढे विकून सगळी बाकी भरली, किल्ली घेतली, घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी भांडायला परत आला.

"सायेब, घर तुमच्या ताब्यात हुतं न्हवं? मग सांजचा दिवा लावायचं काम कुणाचं?"

*

कुपवाडला लेथवाले जाधवमामा. ताब्याच्या पंचनाम्यावर सही करायला दोन पंच लागतात, आणि गल्लीत एकजण तयार होईना. कुणाचा हात दुखत होता, कुणाचा चष्मा हरवला होता. एकाचा तर नाकावर असताना हरवला होता! ऊन डोक्यावर आलं. शेवटी ज्यांच्या घराला सील लागणार, ते मामाच पायरीवर उभे राहून शेजाऱ्यांवर डाफरले, "सह्या करा रं. आलेल्या माणसानं उन्हात किती येळ उभं ऱ्हायचं?"

पंच मिळाले. सह्या करून त्याच दोघांनी मामांचा संसार आमच्यादेखत उचलला. भांडी एकाच्या घरी गेली, कपाट दुसऱ्याच्या घरी. मामींना कुणी न्यायचं यावरून मात्र दोघांच्या बायकांचं जोरात वाजलं. आम्ही सील लावून निघालो तरी मिटलं नव्हतं.

*

सगळेच काही आमच्या दारात येईपर्यंत थांबत नाहीत. मिरजेचा एकजण कारखान्याच्या मशीनसाठी घर तारण ठेवायला आला. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर, त्यामुळे बाईंचीही सही हवी. बाई पेन हातात घेईनात. आधी मशीन दाखवा म्हणाल्या. नवरा वैतागला, तुला त्यातलं काय कळतंय म्हणाला.

"मला बघायला तुमचं सगळं गाव आलं हुतं. मशीन मी एकटीनं बघितलं तर काय बिघडलं?"

बाईंनी मशीन बघितलं आणि नापसंत केलं. ते घर आजही बिनकर्जाचं उभं आहे. येता-जाता त्या दारावरून जीप मी मुद्दाम हळू घेतो.

*

आता उंब्रजच्या हौसाक्का. नवरा फौजेत होता. रिटायर झाल्यावर त्यांनी घर बांधलं, कागदावर स्वतःचं नाव लावलं आणि दारावर संगमरवरी पाटी लावली, 'सौ. हौसाबाई'. ते गेल्यावर अक्कांनी हक्क सोडून घर मुलाच्या नावावर करून दिलं. मुलाने ते आमच्याकडे तारण ठेवून धंदा काढला, धंदा बुडाला. म्हणजे लिलाव निघाला तेव्हा कायद्याने त्या घरात अक्कांची एक वीटसुद्धा नव्हती.

पंचनामा लिहिताना पवार साहेब पाटीपाशी अडले. चाचरत म्हणाले, अक्का, आता 'श्रीमती' करून घ्यायला हवं होतं.

"त्यांनी लावलीया. ते येऊन बदलत्याल तवा बदलंल."

साहेबांनी पंचनाम्याचं पान उलटलं.

लिलावाला एक किंमत ठरलेली असते, तिच्याखाली बोली घेता येत नाही. बोलीच लागली नाही, तर पुढच्या खेपेला मंजुरी आणून ती किंमत उतरवायची. पहिल्या लिलावाला सगळी आळी अंगणात येऊन बसली. सगळ्यांत पुढे सुभेदार तात्या, तेही रिटायर फौजी, मिशीला पीळ देत. बोली मात्र कुणी लावेना. शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर बोली लावायची नाही, ही तिथली रीत तात्यांनीच आम्हाला सांगितली. आम्ही चहा पिऊन परतलो.

दुसऱ्या खेपेला कराडचा एक व्यापारी घर घ्यायला निघाला. हायवेवर उतरून त्याने अक्कांचं घर विचारलं. ज्याला विचारलं त्याने आधी घरी नेऊन चहा पाजला आणि पुढच्याच्या हवाली केलं. त्यानेही पाजला. पुढच्या घरी पोहे झाले. वाकडा शब्द कुणी काढला नाही. बिचारा पोचला तेव्हा लिलाव आटोपून आम्ही जीपमध्ये बसत होतो. साहेबांनी विचारलं, उशीर का झाला? त्याने ढेकर दिला आणि म्हणाला, "लय मायाळू गाव हाय."

तिसऱ्या खेपेला किंमत आणखी उतरली होती. आळी पुन्हा अंगणात. साहेबांनी पुकारा केला आणि तात्यांनी हात वर केला.

रीत सांगणारा माणूसच रीत मोडत होता! अक्का चौकट धरून उभ्या होत्या. एक वार, दोन वार, तीन वार. घर गेलं.

तात्यांनी टेबलावर पिशवी उपडी केली. नोटा एका घरच्या वाटत नव्हत्या. काही रबराने बांधलेल्या, काही रुमालात, काही पदराच्या गाठीतून सुटलेल्या, चुरगळलेल्या. साहेबांनी एकदा नोटांकडे पाहिलं, एकदा आळीकडे, आणि पेन उघडलं.

"तात्या, घर कुणाच्या नावानं लिहू?"

"दारावर पाटी हाय न्हवं, सायेब? तशीच्या तशी उतरून घ्या."