उघडं क्रियापद

‘‘क्रियापद उघडं ठेवायचं नाही, राजेहो! आधी काहीतरी लावा,’’ असं म्हणत सर टेबलावर तळहात आपटायचे. सिंगापुरात पासिर रिसला आमच्या ब्लॉकखाली बुद्धिबळाचा पट कोरलेलं दगडी टेबल आहे. तिथे रविवारी सकाळी त्यांचा इंडोनेशियन भाषेचा वर्ग भरायचा, तोही फुकट. विद्यार्थी म्हणजे आम्ही पाच-सहा मराठी माणसं. सगळ्यांच्या घरी कामाला इंडोनेशियन हेल्पर.

सर नागपूरचे, पेशाने संशोधक. म्हणायचे, ‘‘तुम्हाला येतं काय? चुची, मासाक, सापू. धू, शिजव, झाड. नुसतं क्रियापद म्हणजे हुकूम. आधी ‘मे’ लावा. मेंचुची, मेमासाक. मग त्यात धुणारं, शिजवणारं माणूस दिसतं.’’

‘सापू’ला ‘मे’ लागला की ‘स’ गळतो आणि ‘मेन्यापू’ होतं. आमच्या वर्गातले, रॅफल्स प्लेसच्या बँकेत मॅनेजर असलेले एकजण वैतागून म्हणाले, ‘‘अहो, हा स गेला कुठे?’’

‘‘झाडताना गेला केराबरोबर. पुढे चला.’’

‘बर्बिचारा’ मात्र ते घोटून घ्यायचे. ‘बर’ हा उपसर्ग, आणि ‘बिचारा’ म्हणजे आपलाच ‘विचार’, तिकडे जाऊन बोलणं झालेला. ‘‘बर्बिचारा, म्हणजे बोलणं. हे आलं नाही तर बाकीचं येऊन उपयोग नाही, बाई.’’

आमच्या हेल्पर त्यांना हसायच्या. घरात एवढे उपसर्ग लावून कोण बोलतं! त्यांनी सरांचं नाव ‘बातम्यावाले सर’ ठेवलं होतं. माझी मुलगीसुद्धा इथल्या ठेक्यात म्हणाली, ‘‘आई, नोबडी टॉक्स लाइक दॅट, ला!’’ मी हे सरांना सांगितलं, तर ते हसले नाहीत. ‘‘मला एकदाच बोलायचंय, पण चुकायचं नाही,’’ म्हणाले.

कोणाशी, ते त्यांनी एका रविवारी आपणहून सांगितलं. त्यांच्याकडे जावा बेटावरच्या एका खेड्यातली बाई कामाला होती. तिला ताप आला. ती सारखी काहीतरी सांगत होती आणि सरांना नि त्यांच्या बायकोला हुकुमापुरतेच शब्द येत होते. ‘‘आम्हाला वाटलं, सुट्टी मागते. तापाची गोळी दिली आणि म्हटलं, तीदुर. झोप.’’ डेंगी होता. हॉस्पिटलात नेलं तोवर उशीर झाला होता.

सरांना तिच्या आईपुढे जाऊन, मध्ये कोणाला न घालता, आईच्या भाषेत माफी मागायची होती. त्यासाठी ही सगळी घोकंपट्टी. त्या दिवसापासून वर्गात कोणी टिंगल केली नाही.

मग ते जावाला तिच्या गावी गेले. परतल्यावरच्या रविवारी येऊन बसले. तळहात आपटला नाही.

‘‘सगळं म्हटलं, बाई. एक उपसर्ग चुकला नाही. म्हातारी नुसती बघत राहिली. तिला इंडोनेशियन येतच नाही. त्या घरात सगळे जावानीज बोलतात. आमच्या गावी माझ्या आईपुढे कोणी शुद्ध हिंदी झाडावी, तसं झालं.’’

अरे देवा! इतके रविवार घोकलं आम्ही, पण हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

शेवटी एका शेजारणीला मध्ये बसवावं लागलं. तिने सरांची माफी जावानीजमध्ये सांगितली. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. शेजारणीने ते सरांना इंडोनेशियनमध्ये सांगितलं: माझी मुलगी शेवटी काय म्हणत होती?

‘‘मग काय सांगितलंत?’’

‘‘काय सांगू? ती बोलत होती, मी उभा होतो. आवाज अजून कानात आहे, बाई. शब्द एकही नाही.’’

वर्ग तिथेच संपला. थोड्या महिन्यांनी सर नागपूरला परत गेले, ते कायमचे. टेबलावर आता म्हातारे चिनी आजोबा बुद्धिबळ खेळतात.

सर गेले त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात गेले. आमची हेल्पर भांडी घासत होती. तू घरी आईशी कुठल्या भाषेत बोलतेस, असं मी तिला ‘बर्बिचारा’ला नीट ‘बर’ लावून विचारलं.

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि खाली बघत म्हणाली, ‘‘सॉरी, मॅडम. उद्यापासून आईला फोन नाही करणार.’’