फाईल बोंबीलमध्ये टाक

भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची यादी उघडली होती. रिसेप्शन. अकाउंट्स. डिझाईन एक. डिझाईन दोन. आणि सगळ्यात खाली, बोंबील.

तो माझा कॉम्प्युटर.

अख्खी मीटिंग खो खो हसायला लागली. मॅनेजर सर डोळे पुसत म्हणाले, "मतलब हमारी सब फाईलें मच्छी के पेट में हैं!" आणि मी काय केलं? मीपण हसले. त्यांच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो मला, अजून.

मी किनाऱ्यावरच्या पाली गावची, कोळ्याची पोर. आई बोंबील सुकवते, बाजारात नेऊन विकते. त्यावरच माझा कॉम्प्युटरचा कोर्स झाला. आमच्या घरी बोंबलाचं नाव मानानं घेतात. त्या खोलीत मात्र ती शिवी होती, आणि ती मला बरोबर कळली.

आमची कंपनी खोके छापते. मीरा रोडला ऑफिस, हाटकेशला कारखान्याचा गाळा. डिझाईनवाल्यांची मशीनं वेगळी, ऑफिसची वेगळी, गाळ्यातली जुनी आणि तिसरीच. एकाची फाईल दुसऱ्याला दिसायची नाही. पेन ड्राईव्ह घेऊन स्कूटर पळवायचे. मी दोन्हीकडचं नेटवर्क जोडलं. माझ्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर केला, सगळ्या मशीनना उघडेल असा. चार दिवस भावाच्या लग्नाला गेले, तेवढ्यात डिझाईनच्या निखिलनं माझ्या मशीनचं नाव बदललं आणि सगळ्यांची मशीनं त्या नावाला जोडून टाकली. का, तर माझ्या डब्याला बोंबलाचा वास येतो. परत आले त्याच दिवशी ती मीटिंग झाली.

मग आठ महिने तेच. "बोंबील में डाल दे." "बोंबील बंद है क्या?" मी डबा न्यायचा सोडला. आईला सांगितलं, कँटीनमध्ये जेवते. साफ खोटं.

एक दिवस हाटकेशहून नव्या क्लार्क बाईंचा फोन आला.

"बोंबील मॅडम, फाईल मिळाली हां. थँक्यू."

"काय म्हणालात मला?"

"तुमचं आडनाव ना? सगळे तेच म्हणतात."

बिचारी चेष्टा करत नव्हती. तेच तर लागलं. चेष्टा कधीच संपली होती, आता ते माझं नाव झालं होतं.

फोन ठेवला. कॉम्प्युटरचं ते नाव खोडलं आणि माझं टाकलं, आडनावासकट. रीस्टार्ट.

झालं! सगळ्यांच्या फाईली बंद. सगळी मशीनं बोंबीलला शोधतायत आणि बोंबील नेटवर्कवर नाहीच. गाळ्यात छपाई थांबली. सर तणतणत आले.

"आधीचं नाव टाक परत. फटाफट."

"नाही टाकणार."

"एवढ्याशा मजाकसाठी काम थांबवतेस? नोकरी करायचीय ना?"

नोकरी पाहिजेच होती, आईचे गुडघे गेलेत. तरी म्हटलं, "करायचीय. माझ्या नावानं. प्रत्येकानं आपापल्या मशीनवर माझं नाव टाकायचं, पाच मिनिटांचं काम आहे. आधी निखिल सर."

सर घड्याळ बघत राहिले. शेवटी निखिलला म्हणाले, "टाक बाबा."

निखिल खुर्चीत बसला. कीबोर्डवर बोटं ठेवली आणि थांबला.

"तेरा पूरा नाम क्या है?"

आठ महिने बाजूच्या टेबलावर बसलेला माणूस! मी गळ्यातलं आयकार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं. बघून टाक म्हटलं. त्यानं टाकलं. फोल्डर उघडला. सॉरी कुणी म्हणालं नाही.

संध्याकाळी सरांनी माझ्या हातात मेमो दिला, शिस्तभंगाचा. ड्रॉवरमध्ये ठेवलाय. डबा परत न्यायला लागलेय, सगळ्यांमध्ये बसून उघडते. काढायचं तर काढा मला. दुसरीकडे लागेन. पण तिथं कुणी असलं नाव ठेवलं तर आठ महिने थांबणार नाही, पहिल्याच दिवशी खोडेन. आणि त्यांच्याबरोबर हसणार तर मुळीच नाही.